आधी कागद, मग कापड : मुलीचा सुती फ्रॉक घरीच शिवा



वऱ्हाडात कापूस घरोघरी येतो, पण लेकराच्या अंगावरचा कपडा बहुधा बाजारातून येतो. या दोहोंमधला हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. एक क्विंटल कापसापासून सर्वसाधारणपणे ३४ ते ३५ किलो रुई निघते. चार वर्षांच्या मुलीच्या फ्रॉकला सव्वा मीटर कापड लागते. साध्या पॉपलीनचे एवढे कापड वजनाला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरते. सूतगिरणीतील तूट धरली तरी त्यात दीडशे ग्रॅम रुई, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम कापूस जातो. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा आधारभूत भाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या भावाने एका फ्रॉकमधील कापसाचे ३६ ते ३७ रुपये होतात. दुकानात त्याच फ्रॉकसाठी आपण काय मोजतो, हे प्रत्येकाला ठाऊक आहे.

मधली सर्वच रक्कम कोणी लुबाडतो असे नाही. जिनिंग, सूतकताई, विणाई, रंगाई, बेतणे, शिवणे आणि विक्री या प्रत्येक टप्प्याचा त्यात वाटा असतो. यातील पहिले टप्पे घरी करता येत नाहीत. बेतणे आणि शिवणे मात्र करता येते. खेड्यातील कितीतरी घरांत शिलाई मशीन आहे. त्यावर साडीचा फॉल लागतो, उसवलेली शिवण घातली जाते, फार तर उशीची खोळ शिवली जाते. नवे कापड कापायची वेळ आली की पावले शिंप्याकडे वळतात. याचे कारण शिवता येत नाही हे नसते, तर कापायची भीती वाटते हे असते.

ही भीती खोटी नाही. चुकीची टीप उसवता येते, चुकीची कात्री परत घेता येत नाही. या भीतीवर एक स्वस्त उपाय आहे, तो म्हणजे कागदी नमुना, ज्याला आपण पॅटर्न म्हणतो. घरचे सोयाबीन पेरण्यापूर्वी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहतो. सत्तर दाणे उगवले तर बियाणे पेरायचे, नाही तर तेवढ्या शंभर दाण्यांवर भागते, सगळे वावर वाया जात नाही. पॅटर्नचे काम तसेच आहे. जी चूक व्हायची ती रद्दी कागदावर होते, कापडावर होत नाही.

पॅटर्न म्हणजे काय?

कपड्याच्या प्रत्येक भागाचा मापाबरहुकूम कापलेला कागद म्हणजे पॅटर्न. शिंपी मंडळी वर्षानुवर्षांच्या सरावाने थेट कापडावर खडूने आखतात. ज्याला तो सराव नाही त्याला कागदाचा आधार हवा. अमेरिकेत एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ साली एकाच कपड्याचे लहान-मोठ्या मापांचे कागदी नमुने विकायला सुरुवात केली आणि घरोघरच्या बायका त्यावरून कपडे बेतू लागल्या. विकतचा पॅटर्न मिळाला नाही तरी आपले काही अडत नाही. मेजरटेप, फूटपट्टी, पेन्सिल आणि खाकी कागद एवढ्यावर तो घरी काढता येतो. वर्तमानपत्राचा कागदही चालतो. मात्र त्याची शाई पांढऱ्या कापडाला लागते, म्हणून जपून ठेवायचा पॅटर्न खाकी कागदावरच काढावा.

कापडाची निवड

अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याहूनही वर जातो. अशा उन्हात लहान मुलांना सुती कापडासारखे दुसरे कापड नाही. सुती धागा हवेतील ओल आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के धरून ठेवतो, पॉलिस्टरचा धागा अर्धा टक्काही धरत नाही. म्हणूनच पॉलिस्टरच्या फ्रॉकमध्ये घाम अंगावरच राहतो आणि मानेला, काखेत घामोळे येते. रोजच्या वापराकरिता पॉपलीन किंवा केंब्रिक घ्यावे. तान्ह्या बाळाच्या झबल्याला मऊ मलमल किंवा धुऊन धुऊन मऊ झालेले जुने लुगडे उत्तम.

दुकानात कापड घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) पन्हा विचारावा. या लेखातील हिशेब ३६ इंच पन्ह्याच्या कापडाचा आहे.

२) कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासावा. रुमालाला रंग लागला तर ते कापड लहान मुलांसाठी घेऊ नये.

३) कापड दोन्ही हातांनी चोळून पाहावे. पांढरी भुकटी पडली तर त्यात खळ जास्त आहे. असे कापड पहिल्या धुण्यात विरळ होते.

४) फुलांचा किंवा पक्ष्यांचा छाप एकाच दिशेचा असेल तर कापड थोडे जास्त लागते. पहिल्या फ्रॉकसाठी सर्व बाजूंनी सारखा दिसणारा छाप किंवा एकरंगी कापड घ्यावे.

आगीविषयी दोन शब्द. नायलॉन व पॉलिस्टर पेट घेतल्यावर वितळतात आणि कातडीला चिकटतात, त्यामुळे भाजल्याची जखम खोल होते. सुती कापड वितळत नाही, परंतु तेही पेटते आणि झपाट्याने पेटते. तेव्हा कापड कोणतेही असो, घेरदार फ्रॉक घातलेल्या मुलीला चुलीजवळ, शेगडीजवळ किंवा दिवाळीच्या फटाक्यांजवळ एकटे सोडू नये.

बेतण्यापूर्वी कापड भिजवा

माग आणि गिरणीतील पुढच्या प्रक्रिया यांत सूत ताणलेले असते. पाण्यात पडले की ताण सुटतो आणि कापड आटते. सव्वा मीटर म्हणजे ४९ इंच कापड भिजवल्यावर ४७ इंचांच्या आसपास भरते. हेच आटणे शिवल्यानंतर झाले तर फ्रॉक छातीत आवळतो. त्याकरिता नवे कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजत ठेवावे, सकाळी न पिळता दोरीवर सावलीत वाळवावे आणि किंचित ओलसर असताना उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करावी. गडद रंगाचे कापड वेगळे भिजवावे.

कापडात ताणा म्हणजे उभा धागा आणि बाणा म्हणजे आडवा धागा असतो. किनारीला समांतर जाणारा तो उभा. कपड्याची उंची नेहमी उभ्या धाग्यावर ठेवतात. तिरपे बेतलेले कापड धुतल्यावर वळते आणि फ्रॉकचा घेर एका बाजूला लोंबतो.

मापे कशी घ्यावीत?

वयावरून माप धरू नये. एकाच वयाच्या दोन मुलींच्या छातीत दोन इंचांचा फरक असू शकतो. मुलीला पातळ कपड्यावर सरळ उभे करावे आणि टेपखाली दोन बोटे ठेवून मापे घ्यावीत. मापे पाचच आहेत : छातीचा घेर काखेतून, तीरा म्हणजे एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाठीवरून, बॉडीची उंची म्हणजे मानेजवळच्या खांद्यापासून कमरेपर्यंत, फ्रॉकची पूर्ण उंची खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, आणि मुंढ्याचा घेर. शेवटचे माप ताळा पाहण्याकरिता उपयोगी पडते.

तुलनेसाठी सर्वसाधारण मापे अशी :

२ वर्षे – छाती २० इंच, बॉडी ८ इंच, पूर्ण उंची १८ इंच
४ वर्षे – छाती २२ इंच, बॉडी ९ इंच, पूर्ण उंची २१ इंच
६ वर्षे – छाती २४ इंच, बॉडी ९½ इंच, पूर्ण उंची २४ इंच
८ वर्षे – छाती २६ इंच, बॉडी १०½ इंच, पूर्ण उंची २७ इंच

पॅटर्न काढण्याची रीत

उदाहरणादाखल छाती २२, तीरा ९½, बॉडी ९ आणि पूर्ण उंची २१ इंच धरू. फ्रॉक बिनबाह्यांचा, मागे बटणे असलेला आणि कमरेखाली चुण्यांचा घेर असलेला आहे. पहिल्यांदा शिवणाऱ्यास हाच सोपा पडतो. प्रथम बॉडीच्या पुढच्या भागाचा अर्धा नमुना काढावा.

१) कागदाच्या डाव्या बाजूला उभी रेषा मारावी. ही पुढच्या भागाची मध्यरेषा. वरच्या टोकाला अ म्हणा. अ पासून खाली ९ इंचांवर ब घ्यावा. ही बॉडीची उंची झाली.

२) अ पासून खाली छातीचा चौथा हिस्सा, म्हणजे ५½ इंचांवर क घ्यावा. ही मुंढ्याची खोली.

३) क पासून उजवीकडे छातीचा चौथा हिस्सा अधिक पाऊण इंच, म्हणजे ६¼ इंचांवर ड घ्यावा. ब पासूनही उजवीकडे तेवढ्याच अंतरावर इ घ्यावा. ड आणि इ जोडावेत. लहान मुलांची कंबर छातीपेक्षा फारशी बारीक नसते, म्हणून ही रेषा सरळच ठेवावी. चारही भागांत मिळून तीन इंच सैलपणा येतो. खेळणाऱ्या मुलीला तेवढा हवाच.

४) अ पासून उजवीकडे तीऱ्याचा अर्धा भाग, म्हणजे ४¾ इंचांवर फ घ्यावा. फ पासून अर्धा इंच खाली ग घ्यावा. हा खांद्याचा उतार.

५) गळ्याची रुंदी छातीचा बारावा हिस्सा धरतात. येथे ती साधारण दोन इंच येते. अ पासून उजवीकडे दोन इंचांवर ह घ्यावा. ह आणि ग जोडले की खांदा झाला.

६) अ पासून खाली २½ इंचांवर खूण करून ती ह ला गोल जोडावी. हा पुढचा गळा.

७) ग पासून सरळ खाली यावे आणि क-ड रेषेच्या दोन इंच वरून गोलाई देत ड ला मिळावे. हा मुंढा.

८) लहान मुलांचे पोट किंचित पुढे असते. म्हणून मध्यरेषेवर ब पाव इंच खाली घ्यावा आणि तेथून इ पर्यंत हलकी गोलाई द्यावी. असे न केल्यास फ्रॉक पुढून उचललेला दिसतो.

मागच्या भागाचा नमुना याच आखणीवरून निघतो. तीनच फरक करावेत. गळा फक्त एक इंच खोल ठेवावा. मुंढ्याची गोलाई पुढच्यापेक्षा पाव इंच कमी आत घ्यावी, कारण हात पुढे जाताना पाठीला कापड लागते. मध्यरेषेच्या बाहेर बटणपट्टीसाठी सव्वा इंच कागद जास्त ठेवावा. त्यातील अर्धा इंच एकमेकांवर येतो आणि पाऊण इंच आत दुमडला जातो. पोटासाठी दिलेली पाव इंचाची गोलाई मागे नको.

घेराला वेगळ्या नमुन्याची गरज नाही. तो २६ इंच रुंद आणि १७ इंच उंच असा सरळ चौकोनी तुकडा असतो. असे दोन तुकडे लागतात. १७ इंचांचा हिशेब असा : दिसणारी उंची १२ इंच, कमरेच्या शिवणीला अर्धा इंच, खालच्या दुमडीला ३ इंच आणि वाढीच्या चिमटीला १½ इंच.

माया : वाढत्या लेकराची बचत

शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड ठेवतात त्याला शिंपी माया म्हणतात. शब्द मोठा समर्पक आहे. तयार कपड्यात बहुधा हीच माया कमी असते, कारण हजारो कपड्यांत अर्धा-अर्धा इंच वाचवला तर कारखान्याचे बरेच कापड वाचते. घरच्या फ्रॉकला आपण ती भरपूर ठेवू शकतो. घरी शिवण्याचा खरा फायदा येथेच आहे.

दोन वर्षांनंतरचे मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटीमीटर, म्हणजे दोन ते अडीच इंच वाढते. ही सगळी वाढ फ्रॉकच्या उंचीत येत नाही, निम्म्याच्या आसपास येते. आपण खाली तीन इंच दुमड आणि दीड इंच चिमटीत ठेवले आहेत. त्यातून साडेतीन इंच सहज सोडता येतात. म्हणजे उंचीच्या बाबतीत एक फ्रॉक दोन वर्षे तरी पुरतो.

म्हणून नमुन्याभोवती पुढीलप्रमाणे माया ठेवावी : खांद्याला अर्धा इंच, बाजूच्या शिवणीला एक इंच, बॉडीच्या कमरेला एक इंच, गळा आणि मुंढा यांना पाव इंच. छातीत आवळू लागला की बाजूची शिवण अर्धा इंच बाहेर घ्यावी. दोन बाजूंच्या चार कडा मिळून दोन इंच वाढतात.

नमुन्यावर काय लिहावे?

कोरा कागद सहा महिन्यांनी ओळखू येत नाही. प्रत्येक तुकड्यावर मुलीचे नाव, छातीचे माप आणि तारीख लिहावी. ‘पुढचा भाग, नग १, दुमडीवर’ किंवा ‘मागचा भाग, नग २’ असे लिहावे. उभ्या धाग्याच्या दिशेने बाण काढावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘माया धरली आहे’ की ‘माया धरलेली नाही’ हे स्पष्ट लिहावे. ही एक ओळ नसल्यामुळे एक तर माया दोनदा धरली जाते, नाही तर मुळीच धरली जात नाही, आणि कापड वाया जाते.

कात्री लावण्यापूर्वी ताळा

नमुना मुलीच्या नीट बसणाऱ्या जुन्या फ्रॉकवर ठेवून पाहावा. पुढचा व मागचा कागद खांद्यावर जुळवून मुंढ्याचा घेर टेपने मोजावा. तो मुलीच्या मुंढ्याच्या मापापेक्षा एक इंच जास्त भरला पाहिजे. दोन्ही भागांचे खांदे आणि बाजू एकमेकांवर ठेवून लांबी सारखी आहे का पाहावे. त्यानंतरही शंका असेल तर जुन्या धोतराची किंवा मांजरपाटाची बॉडी बेतून, कच्चे टाके घालून मुलीच्या अंगावर चढवावी. मुलीला दोन्ही हात वर करायला आणि खाली वाकायला सांगावे. कोठे ओढते ते लगेच कळते आणि तेवढी दुरुस्ती कागदावर करता येते.

कापडावर मांडणी

भिजवून वाळवलेले कापड पन्ह्यात ३५ इंचांच्या आसपास भरते. ते सपाट फरशीवर किंवा खाटेऐवजी पाटावर पसरावे. डाव्या किनारीपासून २६ इंच रुंदीत घेराचे दोन तुकडे एकाखाली एक मांडावेत. त्यांना ३४ इंच लांबी लागते. उजवीकडे नऊ इंचांची उभी पट्टी उरते. मागचे दोन्ही भाग प्रत्येकी साडेआठ इंच रुंद असल्याने ते या पट्टीत एकाखाली एक बसतात. खाली तेरा इंच कापड राहते. त्यात डावी किनार आठ इंच आत दुमडून, दुमडीवर पुढच्या भागाची मध्यरेषा ठेवावी. उरलेल्या तुकड्यातून गळा व मुंढ्यासाठी सव्वा इंच रुंदीच्या उरेब पट्ट्या निघतात. त्या मिळून सुमारे ३६ ते ४० इंच लागतात.

येथे एक चूक बहुतेकांकडून होते. मागचे दोन भाग बेतताना नमुना दोन्ही वेळा त्याच बाजूने ठेवला तर दोन्ही तुकडे एकाच बाजूचे निघतात. एक भाग बेतल्यावर कागद उलटा करून दुसरा बेतावा. सर्व तुकडे टाचण्यांनी बसवून खडूने आखून घ्यावेत, एकदा मोजावेत आणि मगच कात्री चालवावी. कापताना कापड उचलू नये, कात्रीचे खालचे पाते फरशीला टेकलेले असावे.

शिवण्याचा क्रम

पॉपलीनसाठी १४ नंबरची सुई आणि इंचाला १० ते १२ टाके ठेवावेत. मलमलीसाठी ११ नंबरची सुई घ्यावी.

१) मागच्या दोन्ही भागांच्या बटणपट्ट्या दुमडून शिवाव्यात.

२) खांदे जोडावेत.

३) गळ्याला उरेब पट्टी लावून आत दुमडावी. गोलाईवर मायेला बारीक कातरे द्यावेत, म्हणजे गळा सपाट बसतो.

४) मुंढ्यांनाही पट्टी याच वेळी, बाजू उघड्या असतानाच लावावी. मग बाजूच्या शिवणी घालाव्यात. असे केल्याने पुढे बाजू सोडताना मुंढ्याची पट्टी उसवावी लागत नाही.

५) घेराचे दोन तुकडे बाजूंनी अर्धा-अर्धा इंच घेऊन जोडावेत. घेर ५० इंचांचा होतो, म्हणजे बॉडीच्या दुप्पट.

६) खालची तीन इंचांची दुमड आत घालून हाताने तुरपाई करावी. तिच्या एक इंच वर पाऊण इंच खोलीची एक आडवी चिमटी घालावी. तिला मोठ्या टाक्याची टीप मारावी, म्हणजे पुढे सहज उसवता येते.

७) घेराच्या वरच्या कडेला पाव इंच आणि अर्धा इंचावर सैल टाक्यांच्या दोन टिपा घालून दोरे ओढावेत. चुण्या सारख्या वाटून बॉडीच्या कमरेला जोडाव्यात. मागच्या बटणपट्ट्या एकावर एक ठेवून जोडणे लक्षात ठेवावे. बॉडीची माया एक इंच आणि घेराची अर्धा इंच आहे, तेव्हा घेराची कड बॉडीच्या कडेपासून अर्धा इंच आत ठेवावी.

८) आतील सर्व कडांना हाताने किंवा मशीनने वळसा टाका घालावा.

९) तीन काजे करून बटणे लावावीत. बटण मजबूत दोऱ्याने, मागे गाठ घेऊन लावावे, कारण सुटलेले बटण लहान मूल तोंडात घालते. गळ्याला बांधायची दोरी किंवा नाडी ठेवू नये. ती झोक्यात किंवा खिळ्यात अडकून गळ्याला फास बसू शकतो.

पुढल्या वर्षी चिमटी उसवली की तेथे कापडाचा न विटलेला गडद पट्टा दिसतो. त्यावर साधी लेस किंवा दुसऱ्या रंगाची पट्टी लावावी. पट्टा झाकला जातो आणि फ्रॉक नवा दिसतो.

एका पॅटर्नवरून पुढची मापे

हा नमुना फेकू नये. छाती दोन इंचांनी वाढली की बाजूकडे अर्धा इंच, मुंढ्याच्या खोलीत अर्धा इंच आणि तीऱ्याच्या अर्ध्या भागात पाव इंचापर्यंत वाढ करावी. बॉडीची उंची अर्धा ते एक इंच वाढते, ती मात्र मुलीच्या मापावरूनच घ्यावी. अशा रीतीने २०, २२, २४ आणि २६ इंच छातीचे चार नमुने घरात तयार झाले की धाकट्या बहिणीचे, शेजारच्या मुलीचे कपडे त्यावरच निघतात.

बचत गटांनी हे विशेष लक्षात घ्यावे. राज्य शासनाने २०२४-२५ या वर्षात शाळांच्या गणवेशाची शिलाई महिला बचत गटांकडून करून घेतली. अनेक ठिकाणी गणवेश उशिरा आले, मापात बसले नाहीत, अशा तक्रारी झाल्या. त्यानंतर २०२५-२६ पासून गणवेशाची जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आली. यातून घेण्यासारखा बोध असा की शिलाई कितीही चांगली असली तरी माप चुकले तर सर्व मेहनत फुकट जाते. ज्या गटाजवळ चार-पाच मापांचे तपासलेले पॅटर्न आहेत आणि जो गट गावातील मुलांची मापे स्वतः घेऊ शकतो, त्याला समितीशी बोलताना हातात काही धरून बोलता येते. शाळा सुरू होण्याच्या तीन महिने आधी नमुन्याचा एक गणवेश शिवून दाखवावा. किती कापड लागले, किती वेळ लागला, हे वहीत लिहून त्यावरून मजुरी ठरवावी. अंदाजाने मजुरी सांगितली तर बहुधा नुकसान आपलेच होते.

अमरावती येथील पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाचे भूमिपूजन २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमातून झाले. कापड आणि तयार कपड्यांचे उद्योग या भागात वाढतील तेव्हा ज्या मुला-मुलींना माप, नमुना आणि मांडणी समजते त्यांना नुसती टीप मारणाऱ्यापेक्षा बरे काम मिळण्याची आशा धरता येईल. हे शिक्षण घरातील एका फ्रॉकपासून सुरू होऊ शकते. मुलालाही ते शिकवावे, शिवणकाम ही केवळ मुलींची कला नाही.

पहिला फ्रॉक शिवायला दोन दिवस लागले तरी हरकत नाही. वेचणीची घाई संपली की एका दुपारी कागद काढावा, दुसऱ्या दुपारी कापड बेतावे. दुसऱ्या फ्रॉकला निम्मा वेळ लागेल, कारण नमुना तयार असेल. अडचण आल्यास आपल्या जिल्ह्यातील कृषि विज्ञान केंद्राच्या गृहविज्ञान तज्ज्ञांना भेटावे आणि जाताना काढलेला पॅटर्न व मुलीची मापे सोबत न्यावीत. कागद समोर असला की चूक कोठे आहे ते लगेच दाखवता येते.